संगणक किती वेळ ताटकळतो, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवा महासंगणक आला की बातमीचा मथळा ठरलेलाच असतो : अमुक इतके पेटाफ्लॉप (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी गणिते). सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे परम रुद्र महासंगणक सुरू झाले आणि त्याच दिवशी पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतला ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्का’ही. तेव्हाही तेच झाले. हा आकडा खोटा नसतो. पण तो येतो एकाच प्रकारच्या कामातून : समीकरणांचा एक प्रचंड, गच्च भरलेला संच सोडवणे. त्या कामात डेटा ओळीने मांडलेला असतो, पुढे काय लागणार हे प्रोसेसरला आधीच कळते आणि एकदा आणलेला आकडा अनेकदा वापरला जातो. सगळी कामे अशी शिस्तीची नसतात. जपानच्या फुगाकूचेच पाहा. या गच्च कसोटीत त्याने ४४२ पेटाफ्लॉप गाठले आणि विरळ, म्हणजे बहुतेक रकाने शून्य असलेल्या, समीकरणांच्या एचपीसीजी या कसोटीत सुमारे १६. म्हणजे चार टक्केसुद्धा नाहीत. आणि फुगाकू हे मेमरीच्या बाबतीत चांगल्या यंत्रांत गणले जाते, बरे का!

मधले शहाण्णव टक्के जातात वाट पाहण्यात. ती कशी कमी करायची, याचे एक जुने आणि उपेक्षित उत्तर आहे : हार्डवेअरमध्येच भरपूर थ्रेड (प्रोग्राममधले कामाचे स्वतंत्र धागे) बसवणे. त्याबद्दल मराठीत फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र.

आधी अडचण नेमकी काय ते पाहू. सातबाऱ्यावरच्या एका फेरफार क्रमांकावरून मागे जायचे आहे. तो फेरफार काढला की त्यात आणखी जुन्या फेरफाराचा उल्लेख सापडतो, त्यात त्याहून जुन्याचा. प्रत्येक नोंद वेगळ्या रुमालात बांधलेली. पहिला रुमाल सोडल्याशिवाय दुसरा कोणता मागवायचा हेच कळत नाही, म्हणून शिपाई रेकॉर्ड रूममधून परत येईपर्यंत कारकून बसून. कारकून कितीही चपळ असला तरी कामाचा वेग शिपायाच्या खेपा ठरवतात. शिवाय एका ओळीच्या नोंदीसाठी अख्खा रुमाल वाहून आणावा लागतो.

संगणकात रेकॉर्ड रूम म्हणजे मुख्य मेमरी. तिथली एक खेप साधारण १०० नॅनोसेकंदांची. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात ३०० क्लॉक, म्हणजे ठोके, होतात. रुमाल म्हणजे ६४ बाइटची कॅशे लाइन : प्रोसेसरजवळच्या छोट्या, जलद साठ्यात (कॅशेत) एका वेळी येणारा तुकडा. आपल्याला हवे असतात ८ बाइट, उरलेले ५६ उगाच वाहिले जातात. कोण कोणाला पैसे पाठवतो याचे जाळे, जनुकांचे तुकडे जुळवताना लागणारी हॅश सारणी (नोंदीवरूनच तिची जागा काढणारा तक्ता), रस्त्यांचे नकाशे, वीजजाळ्याची विरळ समीकरणे, ही सगळी कामे अशीच उड्या मारत चालतात. जनुकांत ३१ अक्षरांचा एक तुकडा, दर अक्षराला दोन बिट धरून, एका ६४ बिटच्या शब्दात मावतो. गणित जवळजवळ शून्य. तो तुकडा सारणीत आधी आला आहे का, एवढेच बघायचे. पण बघायचे अब्जावधी वेळा, आणि दर वेळी मेमरीच्या नव्याच कोपऱ्यात.

एक हिशेब करून दाखवतो. ६४ कोअरचा (कोअर म्हणजे चिपवरचा एक स्वतंत्र प्रोसेसर) सर्व्हर घ्या, त्याला डीडीआर४-३२०० मेमरीचे आठ चॅनल, म्हणजे वाटा. कागदावर बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहण्याची क्षमता, सेकंदाला २०४.८ जीबी. १०० नॅनोसेकंदांची वाट धरून ही नळी पूर्ण भरलेली ठेवायची, तर कोणत्याही क्षणी २०,४८० बाइट, म्हणजे ३२० कॅशे लाइन वाटेत असायला हव्यात. आता प्रत्येक कोअरवर एकच थ्रेड एका साखळीमागे धावतोय, असे समजा. वाटेत फक्त ६४ लाइन. नळीचा पाचवा हिस्सा वापरात. कोअरमागे दोन थ्रेड चालू केले की १२८ लाइन, म्हणजे चाळीस टक्के. ३२० पर्यंत जायला कोअरमागे पाच थ्रेड लागतील आणि बाजारातले बहुतेक सर्व्हर प्रोसेसर दोनवरच थांबतात. (आयबीएमच्या पॉवर८ ने २०१४ मध्येच कोअरमागे आठ दिले होते, ते वेगळे.) प्रत्यक्षात स्थिती याहून वाईट असते, कारण विस्कळीत वाचनात डीरॅमच्या, म्हणजे मुख्य मेमरीच्या चिपच्या, बँकेत दर वेळी नवी ओळ उघडावी लागते आणि कागदावरची बँडविड्थ तशीही मिळत नाही.

हे रोजच्या व्यवहारात कुठे येते? ऑक्टोबर २०२४ या एका महिन्यात यूपीआयवर १,६५८ कोटी व्यवहार झाले. सरासरी सेकंदाला सुमारे ६,१९०. समजा, प्रत्येक व्यवहारामागे पैसे पुढे कुठे कुठे गेले ते चार पायऱ्या तपासायचे ठरवले आणि प्रत्येक खात्याला पुढची वीस खाती जोडलेली निघाली. चौथ्या पायरीवर १,६०,००० खाती. खात्यामागे एकच खेप धरली तरी १६ मिलिसेकंद. एका संशयितासाठी ठीक आहे. पण ६,१९० ने गुणा : दर सेकंदाला ९९ सेकंदांचे काम, म्हणजे जवळपास शंभर कोअर नुसते ताटकळणार. आणि खात्यामागे एक खेप पुरत नाही. यादी कुठे सुरू होते ते वाचायचे, मग यादी वाचायची, मग ‘हे खाते आधी पाहिले का’ ही खूण वाचायची. तिपटीच्या खाली हिशेब उतरत नाही.

सर्वांत फसवे म्हणजे, हे ताटकळणे पडद्यावर दिसतच नाही. लिनक्सवर ‘टॉप’ चालवले तर त्या शंभर कोअरपुढे शंभर टक्के लिहिलेले असते, कारण ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी मेमरीची वाट पाहणारा प्रोसेसर कामातच असतो. खरे चित्र ‘पर्फ’ या मोजमापाच्या साधनाने मिळते : एका क्लॉकमागे किती सूचना पुऱ्या झाल्या ते बघावे. गच्च गणितात हा आकडा दोन-तीनच्या घरात जातो. साखळ्यांमागे धावताना एकाच्या बराच खाली घसरतो. आपल्या केंद्रांच्या वार्षिक अहवालांत यंत्राचा ‘वापर’ म्हणून टक्केवारी देताना हा फरक केला पाहिजे.

आता उपायाकडे. कारकुनाने एकाच अर्जदाराला धरून बसण्याऐवजी समोर १२८ अर्जदारांच्या फायली उघड्या ठेवाव्यात. एकाचा शिपाई गेला की पुढच्याची फाइल, मग त्याच्या पुढच्याची. पहिला रुमाल येईपर्यंत वेळ फुकट जात नाही. अट एकच, फाइल बदलायला वेळ लागता कामा नये. ऑपरेटिंग सिस्टिमने थ्रेड बदलायचा तर एक-दोन मायक्रोसेकंद जातात, खेप मात्र ०.१ मायक्रोसेकंदाची. म्हणून प्रत्येक थ्रेडचे रजिस्टर (हातातले आकडे) आणि प्रोग्राम काउंटर (पुढची सूचना कोणती ते) चिपवरच कायम तयार हवेत आणि दर क्लॉकला हार्डवेअरनेच पुढचा तयार थ्रेड उचलावा. ‘हार्डवेअर मल्टिथ्रेडिंग’ ते हेच.

कल्पना नवी नाही. १९६४ च्या सीडीसी ६६०० मध्ये दहा परिधीय प्रोसेसर एकाच हार्डवेअरवर पाळीपाळीने फिरत असत. १९८२ मध्ये बर्टन स्मिथ यांनी डेनेलकॉर कंपनीसाठी एचईपी हे यंत्र मुख्य गणनेसाठीच असे बांधले. मग त्यांचेच टेरा एमटीए आले आणि टेराने २००० मध्ये क्रे विकत घेऊन ते नाव लावल्यावर क्रे एक्सएमटी. एक्सएमटीचा थ्रेडस्टॉर्म प्रोसेसर ५०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे त्या काळच्या मानानेही मंद. पण त्यात १२८ थ्रेडची तयारी आणि प्रत्येक थ्रेडला एका वेळी आठपर्यंत खेपा वाटेत ठेवायची मुभा. एका प्रोसेसरमागे हजारावर खेपा! वरच्या हिशेबातल्या ६४ कोअरच्या आख्ख्या सर्व्हरला ३२० लागत होत्या, हे ध्यानात घ्या. टेरामध्ये तर डेटासाठी कॅशेच नव्हता. ज्या आकड्याला पुन्हा हात लागणार नाही तो जवळ साठवून करायचे काय?

त्यातली दुसरी सोय आम्हाला थ्रेडइतकीच मोलाची वाटते. मेमरीच्या प्रत्येक ६४ बिटच्या शब्दाला ‘भरलेला की रिकामा’ सांगणारा एक जादा बिट होता. ‘भरलेला असेल तरच वाच आणि वाचून रिकामा कर’ ही एकच सूचना. दोन थ्रेड एकाच नोंदीवर आले तर दुसरा आपोआप थांबतो, वेगळे कुलूप लागत नाही. आजच्या प्रोसेसरवर हेच काम अ‍ॅटॉमिक (मध्ये कोणाला घुसू न देणाऱ्या) सूचनांनी होते आणि त्यात अख्खी कॅशे लाइन एका कोअरकडून दुसऱ्याकडे ओढली जाते. लाखो खात्यांच्या जाळ्यात प्रत्येक नोंदीला स्वतःचे कुलूप जवळपास फुकटात मिळणे म्हणजे काय, ते असा कोड लिहिणाऱ्यालाच कळेल.

मग ही यंत्रे गेली कुठे? दोष त्यांच्यातही होते आणि ते झाकायचे कारण नाही. एक थ्रेड २१ क्लॉकमध्ये एकच सूचना देऊ शके. ५०० मेगाहर्ट्झला सेकंदाला जेमतेम २ कोटी ३८ लाख. प्रोग्राममध्ये फाइल वाचण्यासारखा एकेरी भाग आला की यंत्र रांगू लागे. पत्ते मुद्दाम सगळ्या नोडवर (जाळ्याने जोडलेल्या संगणकांवर) विखुरलेले, म्हणून शंभर नोडच्या यंत्रात शंभरातली एकच खेप घरच्या मेमरीत जाई, बाकीच्या जाळ्यावरून. आणि जाळे त्रिमितीय टोरसचे (तिन्ही दिशांना टोके जुळवलेल्या जाळीचे) : नोड आठपट केले की मधून कापल्यावर लागणाऱ्या तारा चौपटच होतात. विखुरण्याचाही उपयोग एका मर्यादेपर्यंतच. सगळे थ्रेड एकाच शब्दावर तुटून पडले, उदाहरणार्थ एकच बेरीज सगळे वाढवत असतील, तर तो शब्द कुठे ठेवला आहे याला अर्थ उरत नाही. रांग लागायची ती लागतेच. शिवाय एवढ्या खास चिपला गिऱ्हाईक मोजके. २०१६ च्या उरिका-जीएक्स या यंत्रात क्रेने शेवटी इंटेलचे झिऑन हे नेहमीचे प्रोसेसर बसवले. आमच्या मते कल्पना हरली नाही, संख्या कमी पडली.

कारण तीच कल्पना दुसऱ्या दाराने घरोघर आली : जीपीयू, म्हणजे मुळात चित्रांसाठीची चिप. परम सिद्धी-एआय या महासंगणकात असलेल्या एनव्हिडिया ए१०० वर १०८ गणनाविभाग आहेत आणि प्रत्येकावर २,०४८ थ्रेड तयार ठेवता येतात. एकूण २,२१,१८४. मेमरीची वाट लपवायची युक्ती टेराचीच. पण इथे ३२ थ्रेडची एक तुकडी एकत्र कवायत करते आणि विस्कळीत डेटाचे घोडे तिथेच पेंड खाते. तुकडीतल्या एका थ्रेडच्या वाट्याला वीजबिल घेणारे, लाखो जोड असलेले खाते आले आणि बाकी ३१ ना वीस-वीस जोडांची, तर ते ३१ आपले काम संपवून उभे राहतात. उपाय आहे : खाती जोडांच्या संख्येने वेगळी काढावीत. ३२ पेक्षा कमी जोड असलेल्यांना एकेक थ्रेड, मधल्यांना पूर्ण तुकडी, मोठ्यांना अख्खा गणनाविभाग. दुसरी खोच रजिस्टरची. एका विभागात ६५,५३६ रजिस्टर, २,०४८ थ्रेडमध्ये वाटले की प्रत्येकी ३२. कंपायलरने (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने) तुमच्या कोडला ६४ रजिस्टर लावले की थ्रेड निम्मे, वाट लपवायची ताकदही निम्मी. कोड ‘सुधारल्यावर’ वेग घटला तर आधी इथे बघावे. तिसरी अडचण जागेची. ग्राफ५०० या शोधाच्या कसोटीतला ३० मापाचा (२ चा ३० वा घात इतक्या बिंदूंचा) आलेख, म्हणजे बिंदू आणि जोडांचे जाळे, घ्या : १०७ कोटी बिंदू, दर बिंदूमागे १६ जोड, प्रत्येक जोड दोन्ही बाजूंनी लिहिलेला. चार बाइटचा क्रमांक वापरूनही नुसत्या शेजाऱ्यांच्या यादीला १३७ जीबी लागतात. ४० जीबीच्या ए१०० मध्ये हे मावत नाही आणि बाहेरून आणायचे तर सेकंदाला १,५५५ जीबीच्या नळीऐवजी ३२ जीबीच्या पीसीआय जोडणीतून.

नव्याने विचार अमेरिकेत पुन्हा झाला आहे. तिथल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या, म्हणजे डार्पाच्या, २०१७ मध्ये सुरू झालेल्या हाइव्ह कार्यक्रमातून इंटेलने एक चिप केली आणि २०२३ च्या हॉट चिप्स परिषदेत मांडली. आठ कोअर, प्रत्येकी ६६ थ्रेड. त्यातल्या चार पाइपलाइन १६-१६ थ्रेडच्या आणि दोन एकेरी, जलद. टेराचा ‘एकटा थ्रेड रांगतो’ हा दोष त्या दोनांनी भरून काढायचा. आणि मेमरी ६४ ऐवजी ८ बाइटच्या तुकड्यांत वाचायची. रुमालातून एकच कागद!

पुण्याचा इथे खरा संबंध आहे. १९९१ मध्ये सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने परम ८००० उभा केला तो इनमॉस कंपनीच्या टी८०० ट्रान्सप्युटर चिपवर, ६४ नोडचा. ट्रान्सप्युटरमध्ये प्रक्रिया बदलण्याचे काम चिपमधलाच शेड्युलर करत असे, ऑपरेटिंग सिस्टिमला विचारावे लागत नसे. दुव्यावरून संदेश यायचा असेल तर ती प्रक्रिया बाजूला होई आणि पुढची मायक्रोसेकंदाच्या आत सुरू होई. तिथे लपवली जात होती ती संदेशाची वाट, मेमरीची नव्हे, हे खरे. पण तत्त्व तेच. आज सी-डॅकच्या नियोजित ‘औम’ प्रोसेसरमध्ये आर्मचे ९६ निओव्हर्स व्ही१ कोअर आहेत आणि त्यांत कोअरमागे थ्रेड एकच. हवामानाच्या कामाला ते उत्तम ठरेल. जाळी तपासायच्या कामाला मात्र सगळी भिस्त कोड लिहिणाऱ्यावर राहील.

कोड लिहिणाऱ्याने काय करायचे, तेही सांगून ठेवतो, कारण नवी चिप येईपर्यंत हातातलेच यंत्र चालवायचे आहे. एका थ्रेडमध्ये एकच साखळी न धरता आठ-दहा साखळ्या हाताने गुंफाव्यात : पहिलीचा पुढचा पत्ता कळला की प्रीफेच (आधीच मागवून ठेवण्याची सूचना) द्यायचा आणि दुसरीकडे वळायचे. सोळाच्या पुढे जाण्यात हशील नाही, कारण इंटेलच्या कोअरमध्ये पिढीनुसार १० ते १६ लाइनच एका वेळी वाटेत राहू शकतात. दुसरे, पाने (ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी वाटते ते तुकडे) मोठी घ्यावीत. प्रोग्राममधल्या पत्त्यांचे मेमरीच्या खऱ्या पत्त्यांत भाषांतर करणाऱ्या टीएलबी या तक्त्यात १,५३६ नोंदी असतील तर ४ केबीच्या पानांनी जेमतेम ६ एमबी झाकले जातात. १३७ जीबीच्या यादीत मग जवळपास प्रत्येक उडीला आणखी एक फेरी पडते. २ एमबीच्या पानांनी तेवढ्याच नोंदींत ३ जीबी येतात. ही पाने मशीन सुरू होतानाच राखून ठेवावीत. आठवडाभर चाललेल्या मशीनवर मेमरीचे इतके तुकडे झालेले असतात की मागून मिळत नाहीत.

तिसरे, एक चूक दोन सॉकेटच्या (दोन प्रोसेसर चिपच्या) सर्व्हरवर फार वेळा होते. यादी एकाच थ्रेडने शून्याने भरली की लिनक्स सगळी पाने त्याच थ्रेडच्या सॉकेटजवळ देते. मग निम्मे चॅनल रिकामे आणि निम्म्यांवर झुंबड. भरण्याचे कामही सगळ्या थ्रेडनी वाटून करावे, किंवा न्यूमासीटीएल या आज्ञेने पाने आलटून पालटून टाकावीत. आणि ‘पाहिले’ ही खूण एका बिटात ठेवावी : १०७ कोटी बिंदूंना १३४ एमबी पुरतात, ८ बाइटचा रकाना ठेवला तर ८.६ जीबी.

राहिला केंद्रांचा प्रश्न. अनेक ठिकाणी कोअरमागचा दुसरा थ्रेड बायोसमधूनच (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधूनच) बंद केलेला असतो, कारण पेटाफ्लॉपच्या कसोटीत त्याचा फायदा नसतो, उलट कॅशे वाटला गेल्याने तोटाच. तो चालू ठेवून, ज्याला नको त्याने स्लर्ममध्ये (कामांची रांग लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कोअरमागे एकच थ्रेड मागावा, हे अगदी सोपे आहे. २०१८ मध्ये उघड झालेल्या त्रुटींमुळे एका कोअरवरच्या दोन थ्रेडमध्ये माहिती झिरपण्याची भीती असेल, तर पूर्ण नोड एकाच वापरकर्त्याला द्यावा.

हे सगळे प्रत्येक यंत्राला लागू करा, असे आमचे म्हणणे नाही. अर्कावरचे हवामानाचे प्रारूप ठरलेल्या जाळीवर चालते. खोडदच्या महाकाय दुर्बिणीच्या डेटात रेडिओ स्फोट शोधण्याचे कामही बव्हंशी शिस्तीचे आहे. तिथे पेटाफ्लॉप आणि बँडविड्थ पुरेशा बोलक्या आहेत. पण २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांची तरतूद करून सुरू झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेत जी यंत्रे जीवशास्त्राला, आर्थिक गुन्ह्यांच्या तपासाला, वीजजाळ्याला द्यायची, त्यांच्या निविदांत एचपीसीजी, ग्राफ५०० आणि रँडमअ‍ॅक्सेस (मोठ्या सारणीत कुठेही उड्या मारत नोंदी बदलणे) या तिन्ही कसोट्यांचे आकडे मागितले जावेत. आपल्या दैनिकानेही बातमीत पेटाफ्लॉपशेजारी हे आकडे विचारून छापावेत.

मात्र माप लिहून द्यायला विसरू नये. ग्राफ५०० २० मापावर चालवला तर आलेख १३४ एमबीचा होतो आणि २५६ एमबी कॅशेच्या प्रोसेसरमध्ये आख्खा मावतो. आकडा झकास येतो, मुख्य मेमरीची परीक्षा होतच नाही. आलेखाने एकूण मेमरीचा निम्मा भाग तरी व्यापावा, असे निविदेत स्पष्ट लिहावे. रँडमअ‍ॅक्सेसच्या नियमांतही सारणी साधारण निम्म्या मेमरीच्या मापाची धरलेली आहे. ग्राफ५०० मधला शोध ६४ वेगवेगळ्या बिंदूंपासून सुरू करून त्यांची हरात्मक सरासरी घ्यावी. आणि विक्रेत्याने उलट दिशेने शोधण्याची पद्धत वापरली असेल तर तेही नोंदवून घ्यावे, कारण तीत न पाहिलेले जोडही पाहिल्याच्या हिशेबात धरले जातात.

आपले,
उच्चक्षमता संगणनात काम करणारे काही अभियंते,
पुणे